शेजारच्या पिंजऱ्यातला मासा का वाचतो?

ग्रीस, तुर्कस्तान, इटली, स्पेन या देशांच्या किनाऱ्यालगत शांत पाण्यात मोठमोठे गोल पिंजरे तरंगताना दिसतात. जाड प्लास्टिकच्या नळ्यांचे एक कडे पाण्यावर तरंगत असते आणि त्याला खाली खोलवर जाळे टांगलेले असते. अशा एकेका जाळ्यात हजारो मासे वाढवतात. भूमध्य समुद्रातल्या या शेतीत दोन जाती प्रमुख आहेत. एक सी-बास. हा लांबट, रुपेरी आणि शिकारी मासा. दुसरा सी-ब्रीम. हा रुंद, चपटा आणि दोन डोळ्यांच्या मध्ये सोनेरी पट्टा असलेला. पुष्कळदा एकाच मालकाचे या दोन्ही माशांचे पिंजरे शेजारी शेजारी असतात.

उन्हाळ्यात पाणी तापते. तापमान २५ अंश सेल्सियसच्या आसपास जाते आणि एखाद्या वर्षी सी-बासच्या पिंजऱ्यात काहीतरी बिघडते. मासे काळपट दिसू लागतात, खाणे सोडतात. काही गोल गोल गिरक्या घेतात, काही पोट वर करून पाण्याच्या पृष्ठभागावर पडून राहतात. मग मरतूक सुरू होते. शेजारच्या पिंजऱ्यातला सी-ब्रीम मात्र नेहमीसारखा खातो, पोहतो, वाढतो.

पाणी एकच, ऊन एकच. मग एक मासा मरतो आणि दुसरा का वाचतो? आणि जो वाचला, त्याला तो रोग झालाच नाही असे आपण म्हणू शकतो का? या दोन प्रश्नांची उत्तरे शोधण्याचा प्रयत्न आपण करू. दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा महत्त्वाचा आहे हे पुढे लक्षात येईल.

छोटा विषाणू, मोठे नुकसान

या रोगाला ‘विषाणुजन्य चेता-ऊतिनाश’ म्हणता येईल. चेता म्हणजे मज्जासंस्था आणि ऊतिनाश म्हणजे तिथल्या पेशींचा नाश. आजारी माशाच्या मेंदूचा आणि डोळ्यातील दृष्टिपटलाचा पातळ छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर त्यात जागोजाग पोकळ्या दिसतात. मेंदू आणि डोळा दोन्ही बिघडल्यावर माशाला तोल सांभाळता येत नाही. गिरक्यांचे कारण हे.

१९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात जगाच्या एकमेकांपासून दूर असलेल्या भागांतून अशा मरतुकीची वर्णने येऊ लागली. ऑस्ट्रेलिया, जपान, कॅरिबियन समुद्रातले मार्टिनिक बेट, फ्रान्स. १९९२ साली जपानमधील शास्त्रज्ञांनी ‘स्ट्राइप्ड जॅक’ या माशाच्या आजारी पिल्लांतून विषाणू वेगळा केला आणि तो नोडाव्हायरस या कुळातला असल्याचे दाखवले. त्याच्या गटाला आता बीटानोडाव्हायरस म्हणतात.

हा विषाणू फारच लहान आहे. त्याचा व्यास २५ ते ३० नॅनोमीटर. सुमारे ३५ हजार विषाणू एका रांगेत मांडले तर ती रांग जेमतेम एक मिलिमीटर भरेल. त्याच्याकडे आनुवंशिक माहितीचे फक्त दोन तुकडे असतात आणि दोन्ही आरएनएचे. पहिल्या तुकड्यावर विषाणूच्या आरएनएच्या नकला काढणाऱ्या विकराची कृती लिहिलेली असते. दुसऱ्यावर त्याच्या बाह्य कवचाच्या प्रथिनाची. आपल्या सोयीसाठी पहिल्याला ‘यंत्राचा तुकडा’ आणि दुसऱ्याला ‘कवचाचा तुकडा’ म्हणू. हे दोन शब्द ध्यानात ठेवावेत. पुढची सारी गोष्ट त्यांच्याभोवती फिरते.

आजवर दीडशेहून अधिक जातींच्या माशांत हे विषाणू आढळले आहेत. पण ‘आढळले’ या शब्दापाशी थोडे थांबायला हवे. विषाणू माशाच्या शरीरात शिरू शकला नाही, ही एक स्थिती. शिरला, वाढला, पण मासा आजारी पडला नाही, ही दुसरी. शिरला, वाढला आणि माशाला आजारी पाडले, ही तिसरी. बोलताना आपण पहिल्या दोन स्थितींना एकच नाव देतो: ‘या माशाला हा रोग होत नाही.’ सगळा घोटाळा तिथूनच सुरू होतो.

सी-ब्रीमची परीक्षा

सी-ब्रीम यांपैकी कोणत्या स्थितीत आहे? हे ठरवायला नुसते निरीक्षण पुरत नाही, प्रयोग करावा लागतो. फ्रान्स आणि स्पेनमधील संशोधकांनी असे प्रयोग केले. सी-बासमधून मिळवलेला विषाणू सी-ब्रीमच्या शरीरात सुईने टोचला. सी-बासमध्ये अशा टोचणीनंतर मोठी मरतूक होते. सी-ब्रीम मात्र जवळजवळ सगळे जगले. पण त्यांचे मेंदू तपासले तेव्हा तिथे विषाणू सापडला. एका प्रयोगात विषाणू टोचलेल्या सी-ब्रीमबरोबर एकाच टाकीत निरोगी सी-बास ठेवले. काही दिवसांनी ते सी-बास आजारी पडले.

म्हणजे सी-ब्रीम दुसऱ्या स्थितीत होता. तो रोगापासून मुक्त नव्हता. तो रोग वाहून नेत होता आणि स्वतः धडधाकट दिसत होता. शेजारच्या पिंजऱ्यात निवांत चरणारा मासाच आजाराचा उगम असू शकतो, हे त्या प्रयोगाने दाखवून दिले.

वाचण्याची कारणे

आता पहिल्या प्रश्नाकडे येऊ. विषाणू मेंदूपर्यंत पोहोचूनही सी-ब्रीम कसा वाचतो?

कोणताही विषाणू स्वतःच्या बळावर वाढू शकत नाही. त्याला दुसऱ्याच्या पेशीत शिरावे लागते. पेशीच्या पृष्ठभागावर अनेक प्रथिने असतात. त्यांपैकी एखाद्याला विषाणूचे कवच नेमके चिकटले, तरच आत जाण्याची वाट मिळते. कुलूप आणि किल्लीची उपमा आपण विकरांच्या धड्यात वापरतो, ती इथेही चालेल. दोन जातींच्या माशांत हे कुलूप थोडे वेगळे असले, तर एकाच किल्लीने एक दार सताड उघडते आणि दुसरे जेमतेम किलकिले होते. विषाणूंच्या तुकड्यांची अदलाबदल करून जपानी संशोधकांनी दाखवले, की कोणता विषाणू कोणत्या माशाला ग्रासणार हे मुख्यतः कवचाचा तुकडा ठरवतो.

दुसरे कारण धोक्याच्या घंटेचे. पेशीत विषाणूचा आरएनए शिरल्याचे ओळखू येताच पेशी इंटरफेरॉन नावाची प्रथिने तयार करते. ती शेजारच्या पेशींना सावध करतात. सावध झालेल्या पेशी विषाणूची वाढ रोखणारी प्रथिने बनवू लागतात. सी-ब्रीमला विषाणू टोचल्यावर त्याच्या मेंदूत अशी प्रथिने बनवणारी जनुके जोमाने कामाला लागलेली दिसली. सी-बासमध्येही घंटा वाजते. पण तोवर विषाणू फार वाढलेला असतो आणि त्याच्याशी झुंजताना मेंदूत जो दाह होतो, तोही घातक ठरतो. आग विझवायला आलेल्या पाण्यानेच घर कोसळावे, तसे हे आहे.

तिसरे कारण वयाचे. अंड्यातून नुकत्याच बाहेर पडलेल्या पिल्लांची प्रतिकारयंत्रणा पुरती तयार झालेली नसते. त्यामुळे रोगाला बळी पडणाऱ्या जातींत पहिल्या काही आठवड्यांत उबवणी केंद्रातली सगळीच्या सगळी पिल्लेही दगावू शकतात. पुष्कळ जातींत वय वाढेल तसा धोका कमी होतो. सी-बासचे दुर्दैव असे, की तो मोठा झाल्यावरही या रोगाला बळी पडतो.

पाण्याची भूमिका

चौथे कारण माशाच्या शरीराबाहेर आहे. आपल्या शरीराचे तापमान साधारण ३७ अंशांवर टिकून राहते. बहुतेक माशांचे तसे नसते. पाण्याचे तापमान तेच त्यांच्या शरीराचे तापमान. म्हणून विषाणूलाही त्या तापमानाशी जुळवून घ्यावे लागते.

बीटानोडाव्हायरसचे चार प्रमुख प्रकार ओळखले गेले आहेत. थंड समुद्रातील चपट्या माशांत सापडणारा प्रकार १५ ते २० अंशांना उत्तम वाढतो. टायगर पफर या माशात सापडलेला २० अंशांना, स्ट्राइप्ड जॅकमधला २० ते २५ अंशांना आणि ग्रूपर म्हणजे आपल्याकडच्या हेकरूच्या कुळातील माशांत प्रथम ओळखलेला प्रकार २५ ते ३० अंशांना. सी-बासला मारणारा प्रकार हाच चौथा. भूमध्य समुद्रात साथ उन्हाळ्यात का येते, याचे उत्तर इथे मिळते. हिवाळ्यात विषाणू सी-बासच्या शरीरात गुपचूप पडून राहू शकतो आणि पाणी तापले की डोके वर काढतो. या तापमानाच्या आवडीनिवडी मुख्यतः यंत्राच्या तुकड्याने ठरतात, असे प्रयोगांत दिसले आहे.

यंत्राचा तुकडा तापमान ठरवतो, कवचाचा तुकडा मासा ठरवतो. मग या दोन तुकड्यांची अदलाबदल झाली तर?

बाजू पालटते

अशी अदलाबदल निसर्गात झालेली आहे. एकाच पेशीत दोन प्रकारचे विषाणू एकाच वेळी शिरले, तर नवे विषाणू तयार होताना एकाचा यंत्राचा तुकडा आणि दुसऱ्याचा कवचाचा तुकडा एकत्र येऊ शकतो. इन्फ्लुएंझाचे नवनवे प्रकार पुष्कळदा याच पद्धतीने जन्माला येतात. दक्षिण युरोपच्या समुद्रात असा एक संकरित विषाणू सापडला. त्यात यंत्राचा तुकडा उबदार पाण्यातल्या चौथ्या प्रकाराचा आहे आणि कवचाचा तुकडा स्ट्राइप्ड जॅकमधल्या प्रकाराचा.

या संकरित विषाणूचे वागणे पाहण्यासारखे आहे. आपल्याकडच्या लेपीसारखा चपटा असलेला सेनेगल सोल हा मासा स्पेन आणि पोर्तुगालमध्ये वाढवतात. त्याला हा विषाणू अतिशय मारक ठरला. आणि ज्या सी-ब्रीमला ‘हा रोग होत नाही’ असे मानले जात होते, त्याच्या उबवणी केंद्रांतील पिल्लांत या विषाणूने मोठी मरतूक घडवली. उलट मोठ्या सी-बासला तो चौथ्या प्रकाराइतका घातक ठरत नाही. म्हणजे या विषाणूपुरती बाजू पालटली. वाचणारा मासा मरू लागला आणि मरणारा बऱ्यापैकी वाचू लागला.

फरक किती लहान असू शकतो? स्पॅनिश संशोधकांनी या संकरित विषाणूच्या कवचाच्या प्रथिनातील अमिनो आम्लांपैकी केवळ दोन बदलून पाहिली. त्याबरोबर सोल माशातील त्याची मारकता बरीच कमी झाली. शेकडो मण्यांच्या माळेतले दोन मणी बदलल्याने एका जातीचे नशीब बदलावे, असा हा प्रकार.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. ‘अमुक मासा रोगाला बळी पडतो, तमुक पडत नाही’ हे वाक्य अपुरे आहे. कोणत्या विषाणूला, कोणत्या वयात, कोणत्या तापमानाला हे सांगितल्याखेरीज त्याला अर्थ येत नाही. रोगप्रवणता हा एकट्या माशाचा गुण नाही. मासा, विषाणू आणि पाणी या तिघांमधला तो संबंध आहे.

थंड समुद्रातला दाखला

हे केवळ भूमध्य समुद्रातल्या दोन माशांपुरते नाही. १९८४ साली नॉर्वेमध्ये शेतीतल्या अटलांटिक सॅमनला एक नवा रोग झाला. मासे पांढरेफटक पडू लागले, त्यांच्या रक्तातील तांबड्या पेशी घटल्या. या रोगाला ‘संसर्गजन्य सॅमन पांडुरोग’ म्हणता येईल. त्याचा विषाणू इन्फ्लुएंझाच्या कुळातला निघाला. तोच विषाणू ट्राउट माशांत शिरतो, वाढतो, पण सहसा त्यांना आजारी पाडत नाही. इथेही एक मरणारा आणि एक वाहणारा.

२००७ मध्ये हा रोग चिलीच्या सॅमनशेतीत पसरला. त्या देशात अटलांटिक सॅमनबरोबर कोहो सॅमन आणि रेनबो ट्राउटही वाढवतात. मोठा फटका बसला तो अटलांटिक सॅमनला. जवळपास चार लाख टनांवर गेलेले त्याचे वार्षिक उत्पादन २०१० मध्ये सव्वा लाख टनांच्या आसपास आले. हजारो कामगारांचा रोजगार बुडाला. एकाच जातीचे मासे दाटीवाटीने आणि जवळजवळच्या पिंजऱ्यांत वाढवले, तर त्या जातीचा दुबळेपणा अख्ख्या प्रदेशाचा दुबळेपणा होतो, हा त्यातला धडा.

एकाच जातीतही फरक

आतापर्यंत आपण जातीजातींमधला फरक पाहिला. एका जातीचे सगळे मासेही सारखे नसतात. भूमध्य समुद्राच्या पूर्व भागातले आणि अटलांटिकमधले सी-बास एकाच विषाणूला सामोरे गेले, तेव्हा पूर्वेकडचे अधिक संख्येने जगले. हा फरक काही अंशी आनुवंशिक आहे. म्हणूनच निवड पद्धतीने काटक सी-बास तयार करण्याचे प्रयत्न चालू आहेत.

सॅमनमध्ये अशा निवडीला मोठे यश मिळाले. सॅमनच्या पिल्लांना होणाऱ्या ‘संसर्गजन्य स्वादुपिंड ऊतिनाश’ या विषाणुजन्य रोगाबाबत २००८-०९ च्या सुमारास स्कॉटलंड आणि नॉर्वेतील संशोधकांना आढळले, की कोणते पिल्लू जगणार आणि कोणते मरणार यातला बराचसा फरक गुणसूत्राच्या एकाच भागाने ठरतो. मग त्या भागाची अनुकूल प्रत असणारे नर-मादी निवडून त्यांचीच अंडी शेतकऱ्यांना देण्यात येऊ लागली. काही वर्षांतच नॉर्वेतल्या या रोगाच्या साथी झपाट्याने कमी झाल्या.

पण पुढे अशा निवडलेल्या माशांतही काही ठिकाणी हा रोग दिसला आणि तिथल्या विषाणूत बदल झालेले आढळले. विषाणू थांबलेला नसतो. माशाच्या एका पिढीला काही वर्षे लागतात आणि विषाणूच्या पिढ्या तासांत मोजाव्या लागतात. या शर्यतीत माणूस आणि मासा एका बाजूला असले, तरी वेग दुसऱ्या बाजूला आहे.

आपला जिताडा

हा विषय आपल्या किनाऱ्यापासूनही दूर नाही. रायगड जिल्ह्यातील पेण-अलिबागच्या खारेपाटात खाडीतून जिताड्याची पिल्ले आणून गावतळ्यात किंवा शेततळ्यात सोडण्याची जुनी पद्धत आहे. गोव्यात याच माशाला चोणक म्हणतात आणि ऑस्ट्रेलियात बॅरामुंडी. सुरुवातीला ज्या ऑस्ट्रेलियातल्या मरतुकीचा उल्लेख आला, ती याच माशाच्या पिल्लांमधली होती.

१९९७ मध्ये चेन्नईच्या केंद्रीय निमखारे जलजीवपालन संशोधन संस्थेने जिताड्याचे बीज उबवणी केंद्रात तयार करण्यात यश मिळवले. त्यामुळे खाडीतून पिल्ले पकडण्यावर अवलंबून राहण्याचे कारण उरले नाही आणि खाडीतल्या पिंजऱ्यांतही जिताडा वाढू लागला. पण उबवणी केंद्राबरोबर दाटी येते, आणि दाटीबरोबर रोग. पुढच्या दशकात भारतातल्या जिताड्याच्या पिल्लांतही चेता-ऊतिनाशाची नोंद झाली. भूमध्य समुद्रात विषाणूला उन्हाळ्याची वाट पाहावी लागते. आपले पाणी वर्षातला बराच काळ त्याला मानवेल इतके उबदार असते.

मग करायचे काय? रोग झालेल्या माशाला बरे करणारे औषध नाही. युरोपात सी-बाससाठी टोचून द्यायच्या लसी आल्या आहेत. पण लस टोचण्याइतके मोठे होण्याआधीच पिल्लांना सर्वाधिक धोका असतो. म्हणून सगळा भर प्रतिबंधावर. अंडी देणारे नर-मादी तपासून घ्यावे लागतात, कारण विषाणू अंड्यांबरोबरही पुढच्या पिढीत जाऊ शकतो. पाणी निर्जंतुक करावे लागते. एका टाकीतली जाळी दुसरीत वापरायची नाहीत. जाळ्यात आलेली कच्ची बारीक मासळी खाद्य म्हणून टाकताना विचार करावा लागतो, कारण ती विषाणू घेऊन येऊ शकते. आणि एका जातीला धडधाकट पाहून तिच्या शेजारी दुसरी नाजूक जात निश्चिंतपणे ठेवायची नाही. सी-ब्रीमचा प्रयोग हेच सांगतो. हा विषाणू माणसाला बाधत नाही. त्यामुळे प्रश्न खाणाऱ्याच्या आरोग्याचा नाही, पिकवणाऱ्याच्या पोटाचा आहे.

वर्गासाठी एक कोडे

आठवी-नववीच्या पुढच्या विद्यार्थ्यांसमोर ही मांडणी ठेवता येईल. चार टाक्या आहेत, पाणी २५ अंश. पहिल्या टाकीत विषाणू टोचलेले सी-बास. दुसरीत विषाणू टोचलेले सी-ब्रीम. तिसरीत विषाणू टोचलेले सी-ब्रीम आणि त्यांच्यासोबत न टोचलेले सी-बास. चौथीत नुसते निर्जंतुक खारे द्रावण टोचलेले सी-बास. पहिल्या टाकीतले बरेच मासे मेले, दुसरीतले जगले, तिसरीतले सी-बास आजारी पडले, चौथीतले ठणठणीत राहिले.

आता विचारावे: केवळ पहिल्या दोन टाक्या असत्या, तर आपण कोणता चुकीचा निष्कर्ष काढला असता? चौथी टाकी नसती, तर पहिल्या टाकीबद्दल कोणती शंका राहिली असती? सगळ्या टाक्यांचे पाणी १५ अंशांवर ठेवले असते, तर काय दिसले असते? आणि विषाणू संकरित असता तर?

मुले बहुधा ‘कोणता मासा चांगला?’ असे विचारतील. त्या प्रश्नाचे उत्तर देण्याची घाई न करता तो प्रश्न पुरा करून घ्यायला त्यांना मदत करावी. चांगला, पण कशासमोर, कधी आणि कोणत्या पाण्यात?